बहिणीला घर दाखवू नको

बंद घर ओळखायला कुलूप बघावं लागत नाही. फाटकासमोर शेजाऱ्याने बिनधास्त आपली गाडी लावलेली असते, कंपाउंडच्या भिंतीवर शेजारणीच्या गोधड्या वाळत असतात, विजेची बिलं फाटकाच्या जाळीत एकावर एक खोचलेली असतात. सज्ज्यावर पिंपळ उगवला असेल तर घर तीन-चार वर्षं तरी बंद आहे असं समजायचं. हे मला एका दलालाने शिकवलं. जबलपूरच्या ओमती भागातल्या एका चहाच्या टपरीवर तो रोज अकरा ते एक बसतो. तेच त्याचं ऑफिस.

आमची ओळख अशी की माझं घर त्यानेच घेतलं होतं. आई गेल्यावर मी ते विकायला काढलं. त्याने थोडा बयाना देऊन तीन महिन्यांचा करार केला आणि तिसऱ्याच आठवड्यात एक भलताच माणूस माझ्यासमोर उभा करून रजिस्ट्री त्याच्या नावाने करवली. मला ठरलेली किंमत मिळाली, त्या माणसाने दिली त्याहून जास्त; मधला फरक दलालाचा. आवळा देऊन कोहळा काढायचा, एवढाच या धंद्याचा अभ्यासक्रम. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. घड्याळ बघून जेवायचो. वर्षभराने कंपनीने जबलपूरचं ऑफिस बंद केलं, माझी नोकरी गेली, तेव्हा मी त्याच टपरीवर जाऊन त्याला म्हणालो, मला हे शिकवा.

"सीख लो भैया," तो म्हणाला. "इसमें पढ़ाई का कोई काम नहीं है. पैदल चलना पड़ता है."

मी चाललो. नेपियर टाउन, राइट टाउन, गढा, रांझी, चार महिने गल्ल्या पालथ्या घातल्या. बंद घरांचे फोटो काढले, फाटकांत चिठ्ठ्या टाकल्या, पानवाल्यांना मालकांचे पत्ते विचारले. दोनदा कुत्री मागे लागली. एका काकांनी मला चोर समजून उलट माझाच फोटो काढला. भाड्याच्या खोलीवर येऊन मी बूट काढायचो आणि बराच वेळ नुसता बसून राहायचो. आज काय झालं असं विचारणारं कोणी नव्हतं, आणि असतं तरी सांगण्यासारखं काही नव्हतं.

दलालाचे नियम तीन. मालक दूर राहणारा हवा. घराचा त्याला कंटाळा आलेला हवा. तिसरा नियम सांगताना तो चहाचा ग्लास खाली ठेवायचा. "बहन हो, तो दस्तखत पहले लो. और बहन को मकान मत दिखाना. रोएगी, और सौदा गया."

गढ्यातलं घर मला पाचव्या महिन्यात सापडलं. पिंपळ होता, गोधड्या होत्या, गाडीसुद्धा होती. शेजाऱ्याकडून मालकाचा नंबर मिळाला. मराठी माणूस, नोकरीला पुण्यात. एका फोनमध्ये तयार झाला, आठवड्यात करार सही करून कुरियरने पाठवला, सोबत किल्ली. आईवडिलांचं घर, त्यामुळे बहिणीचीही सही लागणार होती. ती रांझीला राहायची. "ताई देईल सही, तिचं काही नसतं," तो म्हणाला. "फक्त तिला घरी नेऊ नका, उगाच भावुक होईल." टाइल्सच्या दुकानाचा एक मालक जागा घ्यायला तयार होता, त्याला घर पाडून नवं बांधायचं होतं. माझा पहिला सौदा आता त्या एका सहीवर अडला होता.

ताई साठीच्या असतील. सुनेने दार उघडलं. मी मराठीत म्हणालो, ताईंच्या भावाकडून आलोय. या शहरात अनोळखी माणूस मराठी बोलला की त्याला ओसरीवर बसवत नाहीत, थेट आत घेतात. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि मी ते वापरलं.

ताई हात पुसत बाहेर आल्या. "अगं बाई, मुराळी आला की माझा!"

"मुराळी क्या होता है, मम्मी जी?" सुनेने विचारलं.

"माहेरून न्यायला येते तो. चार वर्षांत पहिल्यांदा आला बघ." त्या माझ्याकडे वळल्या. "काहून हो भाऊ, घर उघडून राहिला काय तो? केव्हा येते?"

मी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा आणला आणि सगळा वाचला, एकेक ओळ बोट ठेवून. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"विकून राहिला तर," त्या म्हणाल्या. "करते मी सही. माझं काही म्हणणं नाही. पण एकदा घर दाखवा. किल्ली असंल ना तुमच्याजवळ?"

किल्ली खिशात होती. "तुम्ही कधी मागितली नाही भावाकडे?"

"माहेरची किल्ली मागून घेत असते काय कोणी? बोलावलं की जायचं."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायला निमित्त शोधावं लागतं, आणि माझ्यात तेवढाही जीव नव्हता. हे मी चांगुलपणाने केलं असं कोणी समजू नये. मी म्हणालो, चला.

त्या स्कूटरवर मागे बसल्या, हातात नवा झाडू. गढ्याला पोचल्यावर त्यांनी आधी शेजाऱ्याचं दार वाजवलं. "भैया, गाड़ी हटाइए. घरवाले आए हैं." त्याने मुकाट्याने गाडी काढली.

आता रडतील म्हणून मी दाराशी उभा होतो. सौदा गेला असंच धरून चाललो होतो. त्यांनी पदर खोचला आणि माजघरापासून झाडायला सुरुवात केली. दोन तास झाडत होत्या. मला शेजारून पाणी आणायला लावलं, माळ्यावरची जळमटं काढायला लावली.

"ताई, ते पाडणार आहेत घर," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

"कळते मला. पण घाण घर देत नसतात कोणाला." मग ओटा पुसता पुसता त्यांनी विचारलं, "तुमचं घर कुठं आहे?"

"विकलं."

"बहीण आहे?"

"आहे. अमरावतीला."

"आली होती झाडायला?"

आली नव्हती. मीच तिला म्हणालो होतो, एवढ्या लांब कशाला हेलपाटा, मुखत्यारपत्र करून पाठव, मी बघतो सगळं. तिने पाठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, मी तिचा त्रास वाचवला. आमच्या आईच्या ओट्यावर पिठाचा डबा उघडा होता आणि मी तो तसाच ठेवून किल्ली दिली होती. हे मी ताईंना सांगितलं नाही. त्यांनी हात धुतले, ओट्यावरच कागद ठेवून सही केली, बाहेर येऊन स्वतः कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

सौदा झाला. दलालाने टपरीवर जिलेबी मागवली.

"बहन को मकान दिखाया?"

"दिखाया."

"रोई?"

"नहीं."

"किस्मतवाले हो," तो म्हणाला. मी जिलेबी खाल्ली. गोड होती, एवढं कळलं.

तो गेल्यावर मी तिथेच बसून बहिणीला फोन लावला. आमच्या घराची रजिस्ट्री झाल्यापासून मी तिला एकदाही फोन केला नव्हता. त्याआधीचे सगळे फोन कागदांसाठीच होते. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग तिचा आवाज आला. त्यात राग नव्हता, घाई होती.

"हां, बोल दादा. कुठली सही राहिली? थांब, चष्मा आणते."