लेले आजींची आभारपत्रं

अंधेरीतल्या एका वृद्धनिवासाचं ऑफिस मी बरीच वर्षं सांभाळतोय. जुन्या काळी एका शेठजींनी धर्मादाय बांधलेली दगडी इमारत, वीस खोल्या आणि वेळच वेळ असलेली माणसं. किस्से न साचले तरच नवल. ते सांगायला बसलो की तुम्ही हसता, मीही हसतो.

*

प्रधानकाका दाखल झाले तेव्हा फॉर्मवर 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' या रकान्यात त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं. मी म्हटलं, "काका, इथे दुसऱ्या कोणाचं तरी लिहायचं असतं."

"मला कळलं तरी पुरे आहे रे," ते म्हणाले. मी रकाना तसाच ठेवला.

*

पितृपक्षात आमच्याकडे जेवण देणाऱ्यांची नुसती झुंबड. तीन तीन घरांची खीर एकाच दिवशी! ऐंशीच्या पुढच्या लेले आजी वाटी बाजूला सारत म्हणाल्या, "गेलेल्यांची बरी आठवण ठेवतात सगळे. आपण उगीच मागे राहिलो."

प्रधानकाकांनी त्यांचीही खीर संपवली.

*

लेले आजींचा मुलगा मरोळला राहतो. रिक्षाने पंधरा मिनिटं. दर रविवारी त्या इस्त्रीची साडी नेसून फाटकाजवळच्या बाकावर बसतात. एकदा न राहवून विचारलं, "फोन लावू का त्याला?"

"नको. बोलावल्यावर आला तर मला कसं कळणार, त्याला यायचं होतं की नाही?"

मी फोन परत खिशात ठेवला.

*

जेवण देणाऱ्या प्रत्येकाला निवासातल्याच कोणीतरी हाताने आभारपत्र लिहायचं, ही शेठजींपासूनची पद्धत. अक्षर सुरेख म्हणून ते काम आजींकडे. गेल्या महिन्यात एक ऑनलाइन फॉर्म आला: आईच्या वाढदिवसानिमित्त गोड जेवण. नाव वाचून मी चमकलो. आजींचाच मुलगा. 'स्वतः उपस्थित राहणार का' यापुढे 'नाही' होतं.

जेवण पार पडल्यावर मी म्हटलं, "आजी, हे पत्र मी लिहितो ना."

"का? काम माझं आहे," म्हणत त्यांनी फॉर्म वाचला, परत माझ्याकडे दिला, चष्मा पुसला आणि नेहमीसारखंच लिहिलं:

"स. न. वि. वि. आपण दिलेले जेवण सर्वांना आवडले. आपल्या मातोश्रींना दीर्घायुष्य लाभो. सवड झाल्यास एकदा निवास पाहायला अवश्य यावे. आपली, एक निवासी."

पाकिटावरचा पत्ता त्यांनी फॉर्म न बघताच लिहिला.