एकनाथरावांच्या हातची पहिली गोळी

सोलापूरच्या भवानी पेठेत डॉक्टर पुष्कळ आहेत, पण औषधाचा पहिला डोस एकनाथराव देतात. म्हणजे औषध डॉक्टरचं, पैसे रोग्याचे आणि हात एकनाथरावांचा. निवृत्त होण्याआधी ते एका शाळेत हेडक्लार्क होते आणि प्रथमोपचाराची पेटी त्यांच्या कपाटात असायची. तापानं फणफणलेल्या एका मुलीला त्यांनी पेटीतली गोळी दिली, थोड्या वेळानं तिला घाम आला, एवढ्या भांडवलावर त्यांचा हातगुण सिद्ध झाला. ती गोळी शिपायानं दिली असती तरी घाम आला असता, हे मुलीच्या आईला पटलं नाही. पुढे पेठेलाही पटलं नाही. ज्यांना गुण आला ते सांगत फिरले. ज्यांना आला नाही ते दवाखान्यात होते.

संध्याकाळी त्यांच्या दाराशी कुणी ना कुणी औषधाची पुडी घेऊन उभं असतं. टॉवेल कारखान्यात शिलाईला जाणारी म्हाळसाबाई तर नेहमीची.

"काका, पैली तुमच्या हातनं द्या की."

"अहो, माझ्या हातानं काय होतंय? डॉक्टरनं दिलीय ना?"

"व्हय, पर डाक्टरच्या हातात कुटला वो गुण? त्यो नुसता शिकलेला हाय."

एकनाथराव मग हात धुतात, गोळी तिच्या तळहातावर ठेवतात आणि "सावकाश" म्हणतात. एक पैसा घेत नाहीत, चहासुद्धा नाही. आपला या प्रकारावर विश्वास नाही, असं ते दर खेपेला सांगतात. फक्त एखाद्या संध्याकाळी कुणीच आलं नाही, तर जेवताना जरा कमी बोलतात.

त्यांच्या पत्नी इंद्रायणीबाईंनी मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. घरातल्या या खात्याला त्यांनी कधी विरोध केला नाही. "लोकांना गोळी गिळायला काहीतरी निमित्त लागतं," त्या म्हणत. "ह्यांचा हात हे निमित्त. निदान साखर तरी वाढत नाही."

या हाताची सगळ्यांत जुनी भक्त म्हणजे अकलूजच्या गोदाक्का, एकनाथरावांची थोरली बहीण. यजमान साखर कारखान्यात होते. ते गेल्यापासून अक्का एकट्याच राहतात आणि अख्ख्या आळीला धाकात ठेवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला, आणि रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रोज एक गोळी सुरू झाली. तेव्हापासून दर महिन्याला एकनाथराव एसटीनं अकलूजला जातात. नव्या पाकिटातली पहिली गोळी अक्काला स्वतःच्या हातानं देतात, जेवतात आणि परत येतात.

गेल्या वर्षी स्टेंट बसायची पाळी एकनाथरावांवर आली. गोळी तीच. त्यांनी ती न चुकता घेतली, आणि तरी महिना व्हायच्या आत स्टेंटमध्ये गाठ होऊन ते पुन्हा दवाखान्यात दाखल झाले. पेठेनं निदान ताबडतोब केलं. "सोताचा हात सोताला लागत न्हाय," म्हाळसाबाई भेटायला आली तेव्हा म्हणाली. "सोताची दाड कुणी सोता काडतंय व्हय?"

दवाखान्यातल्या तरुण डॉ. अनिमेष यांना निदानाला जरा जास्त वेळ लागला. त्यांनी रक्त पुण्याला पाठवलं आणि निकाल आल्यावर नवराबायकोला समोर बसवलं.

"ही गोळी पोटात जाते तेव्हा झोपलेली असते, काका. यकृतातलं एक एन्झाइम तिला जागं करतं, मग ती कामाला लागते. तुमचं ते एन्झाइम जवळजवळ कामच करत नाही. त्याचं जनुक आईकडून एक आणि वडलांकडून एक असं येतं. तुमची दोन्ही तशीच आली."

"दोन्हीकडून?" इंद्रायणीबाई म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं सगळं सासूबाईंवर ढकलत होते."

"मग मी घेत होतो ते काय?" एकनाथरावांनी विचारलं.

"गोळी. नुसती गोळी. कुणाच्याही हातानं घेतली असती तरी हेच झालं असतं."

उपाय सोपा होता. या एन्झाइमवाचून काम करणारी दुसरी गोळी मिळते, ती सुरू झाली. अवघड गोष्ट डॉक्टर पुढे बोलले. "सख्ख्या भावंडांत हेच निघू शकतं. गोदाक्काही तीच गोळी घेतात, असं तुम्हीच सांगितलंत. त्यांना काही त्रास?"

नाही, असं एकनाथराव म्हणणार होते, तेवढ्यात इंद्रायणीबाईंनी सांगून टाकलं. जिना चढताना छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, असं वन्सं परवाच फोनवर म्हणाल्या होत्या. डॉक्टरला कशाला सांगायचं, एकनाथच्या हातची गोळी चालू आहे की, असंही म्हणाल्या होत्या.

घरी येताना रिक्षात एकनाथराव स्वतःचा तळहात उलटसुलट करून बघत होते. अक्काला तपासणीला आणायचं, तर आपल्या हातात काही नाही हे तिला सांगावं लागणार. आणि न आणावं, तर जी गाठ आपल्याला झाली ती तिच्या बाबतीत अकलूजला होणार, जवळ कुणी नसताना.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" इंद्रायणीबाईंनी विचारलं.

"तू नको," एकनाथराव म्हणाले. "तुझं तिला लगेच पटेल."

दोघं अकलूजला गेले. अक्कांनी शेंगापोळ्या केल्या होत्या. एकनाथरावांनी यकृतापासून सुरुवात केली, आईवडलांवर आले आणि शेवटी खाली मान घालून म्हणाले, "हाताचं काही नसतं, अक्का. हात नुसता हात आहे. तुझी गोळीही कदाचित झोपूनच राहत असेल."

"झालं तुझं?" अक्का म्हणाल्या. "म्हणजे हात चांगला आहे. यकृतात खोट आहे."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. मघापासून तूच सांगतोयस की. चल, माझंही यकृत बघू दे त्या पोराला."

एवढ्या जड कबुलीचा असा फडशा, तोही कीर्तीला जराही धक्का न लागता, एकनाथरावांना अपेक्षित नव्हता. पण अक्का सोलापूरला आल्या, आणि निकाल लागला तो सगळ्यांना चकवणारा. त्यांचं एन्झाइम उत्तम होतं. भावाच्या वाट्याला जे आलं, त्यातलं बहिणीकडे काहीच नव्हतं. तरी डॉक्टरांचा चेहरा खुलला नाही, कारण गोळीचा रक्तावर जो परिणाम दिसायला हवा होता, तो वेगळ्या तपासणीत मुळीच दिसत नव्हता.

"आज्जी, ही गोळी रोज घेता ना?"

"घेते की. एकनाथ देतो ती."

"एकनाथकाका महिन्यातनं एकदा येतात. बाकीच्या दिवशी?"

अक्कांनी इंद्रायणीबाईंकडे पाहिलं. तिथं आधार दिसेना, तेव्हा म्हणाल्या, "बाकीच्या ठेवल्यात डब्यात. रोज घेतली की अंगावर निळे डाग पडतात, डॉक्टर. जरा धक्का लागला की डाग. आणि पहिली ह्याच्या हातची असते की. एवढ्या लांबून एसटीनं येतो, तेवढी महिनाभर पुरायला नको?"

डॉक्टरांनी निकालाचा कागद मिटून बाजूला ठेवला.

"एन्झाइम दारात उभं राहून वाट बघतंय," डॉक्टर म्हणाले, "आणि गोळीच येत नाहीय. आजवर गाठ झाली नाही, हे निव्वळ नशीब."

एकनाथरावांचा चेहरा पडला. "अक्का, माझ्या हातानं मी तुला मारलं असतं गं."

"गप. लहानपणी पाटीनं डोकं फोडलंस तेव्हा मेले नाही, ती आता मरत्येय."

पण त्यांचा आवाज नेहमीएवढा चढला नव्हता. डागांना घाबरून गोळी सोडायची नाही, डाग वाढले तर आम्हाला सांगायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. छातीवरच्या दडपणासाठी आणखी तपासण्या झाल्या, एक गोळी वाढली. अक्का सगळ्याला "बरं" म्हणाल्या. ते "बरं" किती दिवस टिकणार, हे इंद्रायणीबाईंना ठाऊक होतं.

"वन्सं, असं करा," त्या म्हणाल्या. "रोजचीच ह्यांच्या हातची घ्या."

"रोज येतोय का हा अकलूजला?"

"फोनवर. व्हिडिओ लावायचा."

अक्कांनी विचार केला. "फोनवरनं हात लागतो?"

तिघांनीही डॉक्टरांकडे पाहिलं. डॉ. अनिमेष यांच्या पाठीमागच्या भिंतीवर त्यांच्या पदव्या ओळीनं लावलेल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"लागतो," ते म्हणाले.

आता रोज सकाळी नाश्ता झाला की भवानी पेठेतून अकलूजला फोन लागतो. सुरुवातीला पडद्यावर अक्कांचं छत दिसतं, मग कपाळ, मग अक्का. एकनाथराव हात धुऊन तळहात पडद्याजवळ नेतात. हे करताना त्यांना लाज वाटते, म्हणून ते खिडकी लावून घेतात. तिकडे अक्का गोळी जिभेवर ठेवतात, पाणी पितात आणि तोंड उघडून दाखवतात.

"गेली. दिसली का?"

"दिसली."

"मग आता तुझी गीळ," अक्का फोन आणखी जवळ ओढतात. "आणि अशी पाठ वळवून नको. इकडं तोंड कर. मला बघू दे."