पलंगाखालचा सैल नट

धाकटी आज जेवली नाही. तिचं ताट झाकून ठेवलंय, आणि माझ्या डोळ्यांपुढून तो फोटो काही हलत नाही.

माझी ही मुलगी राहत्या गाड्यांवर सोलर बसवते. टपावर पॅनेल, आत पलंगाखाली बॅटरी. मग रानात कुठेही गाडी लावा, दिवे-पंखा सुरू. तिची एक पद्धत आहे. वायरींचे नट आधी नुसत्या हाताने फिरवायचे, सगळं चालतंय का बघायचं, मग पान्याने आवळायचे आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची. तिचे बाबा म्हणतात, "स्वतःची नखं कधी रंगवली नाहीत, बॅटरीचे लाड बघा!"

परवा एका निवृत्त ड्रायव्हरकाकांच्या गाडीचं काम झालं. "मुलीला काय जमणार?" म्हणणाऱ्या भाच्याला गप्प करून त्यांनी हिला काम दिलं होतं. आज संध्याकाळी जंगलाजवळच्या मुक्कामावरून त्यांचा फोन आला. "पोरी, पंखा असा फिरतोय की काकू गारठलीय! बॅटरीचा फोटो भाच्याला पाठवला. म्हटलं, बघ, काम असं असतं!"

तोच फोटो आम्हालाही आला. धाकटीने तो मोठा करून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. एका जाड वायरीच्या नटावर रेघच नव्हती.

"रंगवायचा राहिला असेल," मी म्हणाले.

"नाही गं आई, आवळायचाच राहिलाय. सैल नट तापतो, आगही लागू शकते. आणि वर त्यांची गादी आहे."

"मग फोन कर. मेन स्विच बंद करा म्हणावं."

"आत्ता शाबासकी दिली त्यांनी. कुठल्या तोंडानं सांगू? सकाळी जाऊन गुपचूप आवळते. एका रात्रीत काय होतंय?"

आणि मी "बरं" म्हणाले! लेकीचं नाव राहावं म्हणून दोन म्हाताऱ्या जिवांना त्या गादीवर झोपू दिलं. तेव्हापासून माझीच मला लाज वाटतेय. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडलीय. झोपलेली नाही, एवढं आईला कळतं.

माझं नाक कापलंस, म्हणेल. म्हणू दे. आता तिच्या खोलीत जाते, दिवा लावते आणि तिच्यासमोरच काकांना फोन करते. ती बोलली तर उत्तम. नाहीतर मीच सांगेन, काका, उठा, आधी मेन स्विच बंद करा.