सोनलच्या दोन काठ्या

माझ्या पोरीचा उजवा हात सिद्धेशने लोखंडी पाइपाने फोडला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतात, विमल गोष्ट लांबवते, मधेच रडते आणि शेवटाला येतच नाही. मी रडतबिडत नाही. मला राग येतो. आजही त्या मेल्याचं नाव निघालं की माझा हात आपोआप लाटणं शोधायला लागतो.

माझं माहेर काळेवाडीचं. लग्न होऊन चाकणच्या पलीकडे या गावात आले तेव्हा वाटलं होतं, चला, गाड्यांचा धूर सुटला, आता निवांत. कसलं निवांत! पहिल्याच वर्षी भैरवनाथाच्या यात्रेत दोन माणसांची डोकी फुटलेली पाहिली, आणि सासूबाई गुळवणी ढवळत म्हणाल्या, "औंदा लई न्हाई झालं."

गावात दोन भावक्या, पाटलांची आणि चौगुल्यांची. आम्ही पाटील, पण नुसते नावाचे. यात्रेला दोन्ही भावक्यांची एकेक काठी निघते. काठी म्हणजे घराएवढा उंच वेळू, त्याला गुंडाळलेलं कापड आणि टोकाला मोरपिसं. दोन्ही काठ्या शेजारी शेजारी चालणार आणि देवळाच्या शिखराला एकाच वेळी टेकणार. कुणी पाऊलभर पुढे नाही, कुणी बोटभर उंच नाही. सासऱ्यांच्या काळात आमची काठी जराशी आधी टेकली, तर चौगुल्यांनी आमच्या एका माणसाला पायरीवरच कुऱ्हाडीने तोडला. मग गावाने काय करावं? दोन्ही काठ्या एकदम वर जाव्यात म्हणून देवळाच्या पायऱ्या रुंद केल्या. डोकी कुणी रुंद केली नाहीत.

आमचे हे तळवड्याला एका छोट्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. माल भराभर निघावा म्हणून मालकाने, हात मधे आला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवलेला. एका दुपारी यांच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेली. पत्र्याचा तुकडा उडावा तशी उडाली म्हणे. सोनल तेव्हा शाळेत होती. दवाखान्यातून आल्यावर यांनी तिला जवळ घेतलं, तिचा हात आपल्या उरलेल्या दोन बोटांत धरला आणि मला म्हणाले, "ही पोरगी मशीनमध्ये हात घालणार नाही. काय वाटेल ते होऊ दे." बोलायची सवय नाही त्या माणसाला. तेवढं एकच बोलले.

आणि पोरीचा हात खरंच तसा होता हो. आई म्हणून सांगत नाही. चुलीतल्या कोळशाने तिने मागच्या भिंतीवर शेळी काढली होती, तर शेजारीण दारातूनच त्या शेळीला हाकलायला लागली. पुढे ताथवड्याच्या कॉलेजात वेबसाइट बनवायच्या आणि कॉम्प्युटरवर चित्रं काढायच्या कोर्सला ती लागली. मी कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. मी घरी यायचे तेव्हा ती एका काळ्या पाटीवर बिनशाईचं पेन फिरवत बसलेली असायची. पाटी कोरी, आणि रेघ उमटायची समोर स्क्रीनवर. लांब रेघ ओढताना श्वास रोखून धरायची. मी म्हणायचे, "अगं, श्वास घे, मरशील." ती हसायची, पण रेघ हलायची नाही.

शेवटच्या वर्षाला मोठं काम होतं. स्वतःची वेबसाइट, आतली सगळी चित्रं स्वतःची. त्यावर पास-नापास, आणि पास झाली की तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये एका ऑफिसात तिची नोकरी ठरल्यातच जमा होती. बाईसाहेबांनी विषय कुठला घ्यावा? गावाची यात्रा! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"फुलं काढ, पक्षी काढ, तुझ्या त्या मास्तरचं थोबाड काढ. पण या गावाच्या काठीला हात लावू नकोस."

"आई, मी काठीला हात कुठे लावतेय? चित्र काढतेय."

"इथे चित्राचाही मान असतो, बये."

ऐकते कशाला! पण अक्कल वापरली, हे खोटं नाही. दोन चित्रं काढली. एकात आमची काठी आणि ती धरून चाललेली माणसं, दुसऱ्यात चौगुल्यांची. दोन्ही काठ्या सारख्या उंच, मोरपिसं सारखी. दोन्ही चित्रं एका रांगेत, शेजारी शेजारी. मग लॅपटॉप घेऊन दोन्ही घरी गेली. आमच्याकडे माझे थोरले दीर, दादासाहेब, म्हणाले, "झ्याक हाय." चौगुल्यांचे म्हातारे अर्जुनराव मात्र पक्के. त्यांनी चष्मा लावला, गोठ्यातली सुतळी मागवली आणि स्क्रीनला लावून दोन्ही काठ्या मोजल्या.

"बराबर हाय," ते म्हणाले. "टाक यात्रेदिवशी गावाच्या ग्रुपवर. समद्यांस्नी बघू दे."

पोरगी उडतच घरी आली. मला मिठी मारली, पिठाच्या हातांसकट.

यात्रेच्या सकाळी तिने गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती लिंक टाकली. मी पोळ्या लाटत होते. पहिल्यांदा अंगठे आले, हात जोडलेले आले, शाब्बास सोनल आलं. मग एकदम सगळं गप्प झालं. आणि माझा गोरक्ष, सोनलचा थोरला भाऊ, धावत आत आला.

"आई, दार लाव. चौगुल्यांची पोरं पेटलीत."

"का? काय झालं?"

त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला. फोनवर ती चित्रं शेजारी नव्हतीच! आमचं वर होतं आणि चौगुल्यांचं त्याच्या खाली. आणि अशी चिकटून, की आमच्या माणसांच्या वहाणा बरोबर त्यांच्या मोरपिसांवर. जणू आम्ही त्यांची काठी तुडवत चाललोय.

सोनल पांढरीफटक पडली. "आई, फोन अरुंद असतो. दोन चित्रं शेजारी मावत नाहीत, म्हणून दुसरं आपोआप खाली जातं. आम्हाला असंच करायला शिकवलंय. मी फोनवर तपासलं होतं गं, पण अक्षरं नीट वाचता येतात का, तेवढंच बघितलं."

म्हणजे बघा. कॉलेजात ज्याला मार्क मिळणार होते, त्याच गोष्टीला गावात डोकी फुटणार होती. गावात लॅपटॉप आहे कुणाकडे? सगळ्यांनी फोनवरच पाहिलं. अर्जुनरावांचा नातू सिद्धेश, जो दहावीपर्यंत सोनलच्याच वर्गात होता, त्याने त्या पानाचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'पाटलांनी चौगुले पायाखाली घातले, आज हिशोब होणार.'

"मी दाखवते त्यांना," सोनल म्हणाली आणि लॅपटॉप छातीशी धरून निघाली. मी दारात आडवी झाले. तिने मला, तिच्या आईला, ढकललं आणि गेली. गोरक्ष तिच्यामागे. मी हातात लाटणं घेऊन त्याच्यामागे.

देवळापुढे पोचलो तोवर तोंड लागलं होतं. फॅब्रिकेशनच्या शेडमधले पाइप कुणी काढले, कुणी ट्रॅक्टरच्या साखळ्या आणल्या. आमचे पाटीलही काही देवमाणसं नाहीत. दादासाहेबांच्या पोराने एका चौगुल्याला पाडून त्याच्या तोंडावर लाथा घातल्या, तो बेशुद्ध पडला तरी घालतच होता. सकाळी उधळलेला गुलाल सगळ्यांच्या अंगावर. गुलाल कुठला आणि रक्त कुठलं, काही कळेना. एक म्हातारी ओटीत दगड भरून पोरांना पुरवत होती, आणि तिला लागलं तेव्हा "आई गं" म्हणून खाली बसली आणि बसल्या बसल्या दगड देत राहिली. काठ्या भिंतीला टेकवलेल्या होत्या, शेजारी शेजारी. त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

गोरक्षच्या डोक्यात साखळी बसली. माझ्यासमोर. कानावरची कातडी उलटी पडली आणि तो गुडघ्यावर आला. मी ओरडले, तर माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

आणि सोनल त्या सगळ्याच्या मधे उभी राहून लॅपटॉप उघडून वर धरत होती. "थांबा! शेजारीच आहेत! हे बघा, शेजारीच आहेत!"

सिद्धेश समोरून आला. पाइप लॅपटॉपवर मारला. स्क्रीनचा चुरा झाला, सोनल खाली पडली. पहिला घाव लॅपटॉपवर होता, हे मी मान्य करते. पोलिसांनाही तसंच सांगितलं. पण तिने उठायला उजवा हात जमिनीवर टेकला होता, आणि त्याने ते बघितलं. बघून, पाइप दोन्ही हातांनी उचलून, दुसरा घाव त्या हातावर घातला. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला.

मी त्याच्या तोंडावर लाटणं मारलं. परत मारलं. त्याचे दात माझ्या पायापाशी पडले. त्याला जिवे मारायचंच होतं मला, खोटं कशाला बोलू? आमच्या यांनी मागून कंबरेला मिठी घालून मला ओढलं, म्हणून तो वाचला. केस त्याच्यावर आहे, तशी माझ्यावरही आहे. असू दे.

पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हातात सळया घातल्या. गोरक्षच्या डोक्याला टाके पडले, तो बचावला. हाताबद्दल डॉक्टर म्हणाले, "जेवता येईल, केस विंचरता येतील."

"पेन धरता येईल का?" मी विचारलं.

"अंगठा आणि पहिलं बोट पूर्वीसारखं जुळणार नाही."

आमचे हे भिंतीकडे वळले आणि कपाळ आपटायला लागले. धाड, धाड. दोन वॉर्डबॉय लागले धरायला. रक्त नाकावर आलं तरी तोंडातून शब्द नाही. मला कळत होतं ते काय म्हणतायत. मशीनपासून वाचवलेला हात होता तो.

काही दिवसांनी अर्जुनराव दवाखान्यात आले. सोबत सिद्धेश, तोंड सुजलेलं, जामिनावर सुटलेला. केस मिटवा म्हणायला आले होते, दुसरं काय! मी उठले. "चालते व्हा. याला इथे आणायची हिंमत कशी झाली तुमची?"

"आई, बस," सोनल म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज नीट आला. "सिद्धेश, तुझा फोन काढ. ते पान उघड."

लॅपटॉप फुटला तरी पान इंटरनेटवर तसंच होतं. त्याने उघडलं. आमची काठी वर, त्यांची खाली.

"आता फोन आडवा धर."

त्याने फोन आडवा केला. पान क्षणभर हललं, आणि दोन्ही चित्रं सरकून शेजारी शेजारी येऊन उभी राहिली. सारखी उंच. एका रांगेत.

अर्जुनरावांनी फोन हातात घेतला. उभा केला, आडवा केला, परत उभा, परत आडवा. मग बोटाने दोन्ही काठ्या मोजल्या.

"बराबर हाय," ते म्हणाले. आणि तिथेच फरशीवर बसले. "पोरी, आडवा धरा म्हून आमास्नी कुनी का सांगितलं न्हाई गं?"

"मी तेच सांगायला आले होते, आजोबा."

सिद्धेशने हुंदका दिला. मला त्याची दया आली नाही. अजून येत नाही. अर्जुनरावांनी बसल्या जागेवरून त्याच्या पायावर आपली टेकायची काठी मारली, आणि मारत राहिले, शेवटी नर्सने दोघांना बाहेर काढलं. केस मी मागे घेतलेली नाही.

कॉलेजने सोनलला मुदत वाढवून दिली. ते नोकरीवाले मात्र थांबले नाहीत, दुसरीला घेतलं. आता ती डाव्या हाताने शिकतेय. रेघ सशासारखी उड्या मारते, मग ती पुसते, चिडते, पेन भिंतीवर फेकते. मग मीच उठून ते उचलून देते. तिचे वडील शेजारी बसून बघतात. श्वास रोखून.

यंदाच्या यात्रेला तिने डाव्या हाताने काठ्या पुन्हा काढल्या. या वेळी दोन्ही एकाच चित्रात, म्हणजे फोन कसाही धरा, कुणी खाली जायचं नाही. पण हात तो हात नाही. एक काठी चांगली बोटभर उंच आली आहे. तिलाही दिसलं, पण परत काढायचं त्राण नव्हतं. तसंच ग्रुपवर टाकलं.

दोन्ही भावक्यांनी पाहिलं. कुणाच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. अर्जुनरावांनी सुतळी मागवली नाही. मी लाटणं मांडीवर घेऊन दारात बसले होते, संध्याकाळपर्यंत. कोणीही आलं नाही.

कुणाची काठी उंच आली आहे, ते मला दिसतं. मी सांगणार नाही.