मामीला बघायला जाताना

भेटायला येणाऱ्यांना इतकं दमवणारं आजारपण माझ्या मामीखेरीज बोर्ली पंचतनात आजवर कुणी काढलेलं नाही. कॅन्सर निघाला तेव्हा नातेवाइकांनी मिळून तिला खाटेवर झोपवलं आणि पाण्याचा पेलाही उचलू द्यायचा नाही असं ठरवलं. दुसऱ्या केमोनंतर ती न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरू लागली. अंगात ताकद नसेल तर पुढचा डोस लांबणीवर टाकावा लागेल, नुसतं पडून थकवा वाढतो, झेपेल तेवढं रोज चाला, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मामीने त्यातलं ‘चाला’ तेवढं उचललं आणि सगळ्या गावाला लागू केलं.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे बिस्किटांचा पुडा द्यायचा, चेहरा पाडून बसायचं आणि चहा घेऊन उठायचं. मामीने ही सोयच बंद केली. डोक्याला रुमाल बांधून ती पडवीत उभी असायची. ‘माला बगायला आलाव ना? मंग चपला काढू नका. चालता चालता बगा.’ धीर द्यायला आलेले एक गुरुजी बाजाराच्या वाटेवर धापा टाकत बसले, तेव्हा मामीनेच त्यांना पाणी पाजून धीर दिला. एक विहीणबाई कुणाच्या तरी कॅन्सरची रडकथा घेऊन आल्या होत्या. चढावर त्यांचा श्वास पुरेना, म्हणून गोष्टीतला माणूस वाचला.

डोसनंतरचे दिवस मात्र वाईट जायचे. तेव्हा ती पडवीतच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, ओकारी आली की थांबायची. आज राहू दे, असं मी एकदा म्हटलं. ‘ऱ्हाऊ दे म्हनायला आजार हाय की. तू कशाला?’

तिचा एकही डोस लांबला नाही. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार हटवला औषधांनी, पण औषधं पेलली तुमच्या पायांनी. हे वाक्य मामीने घरोघर चालत जाऊन सांगितलं. त्या रविवारी ती दिवेआगरच्या समुद्रापर्यंत चालत निघाली आणि तिला बघायला येऊन येऊन तयार झालेली निम्मी आळी मागे निघाली. वरात बरी, एवढा गलका होता.

मामा जन्मभर रस्त्याने तिच्या चार पावलं पुढे चालला. आमच्याकडची जुनी माणसं तशीच चालतात. त्या दिवशी वाळूत तो तिच्या बरोबरीने चालत होता, तिचं पाऊल पडलं की आपलं टाकत. तिला गमावण्याची भीती त्याने कधी बोलून दाखवली नव्हती.

‘हळू काय चालताव?’ मामी म्हणाली. ‘मी बरी हाय आता.’

त्याने मान हलवली, पण पुढे काही गेला नाही.