हिरवा चुडा आणि न दिसणारा उजेड

येवल्याची स्नेहल लग्न होऊन नाशकात आली तेव्हा सासूनं, चतुराबाईंनी, एकच बजावलं, "शिक, नोकरी कर, माझं काय म्हणणं नाय. पण वरीसभर हातातला चुडा उतरायचा नाय. माझ्या शेखरच्या नावाचा हाय त्यो."

आणि ती पीएचडी करत होती त्या कॉलेजातल्या लेसरच्या खोलीबाहेर पाटी होती, घड्याळ, अंगठी, बांगडी आत नको.

स्नेहलनं मधली वाट काढली. बांगड्या कोपराकडं सारायच्या, वरून ॲप्रनची बाही ओढून रबर लावायचं. निभत होतं.

काम बारकं. झिंक ऑक्साइडचे, डोळ्याला न दिसणारे कण. त्यांत चिमूटभर गॅलियम मिसळलेलं. लेसरची एक टिचकी बसली की काशाच्या ताटासारखा कण थरथरतो. मागून येणारी दुसरी टिचकी ती थरथर टिपते. तो उजेडही दिसत नाही. डोळ्यात गेला तर मात्र नजर नेतो.

त्या दुपारी ती लेसर वळवणाऱ्या आरशाचा स्क्रू फिरवत होती. पलीकडे पेठचा गोटीराम, तिच्याबरोबरच पीएचडी करणारा, गॉगल कपाळावर चढवून स्क्रीन बघत होता.

"ताई, थरथर आली बघ! काय झ्याक लाट हाय!"

तिनं मान वर केली. गोटीरामच्या कानामागच्या स्टँडला लेसर तपासायचं कार्ड अडकवलेलं होतं. न दिसणारा उजेड पडला की ते चमकतं. आता त्यावर एक ठिपका होता. तिथं तो असायलाच नको होता.

तिचा हात किंचित हलला. ठिपका कार्डाच्या कडेशी, गोटीरामच्या गालाकडं सरकला.

तिनं खाली पाहिलं. रबर निसटलं होतं, बांगडी उजेडाच्या वाटेत आली होती आणि उजेड तिच्यावरून उसळून तिकडं जात होता.

हात तिथंच थिजला. मागं घ्यावा तर ठिपका त्याच्या डोळ्यावरून जाणार. लेसर बंद करायचं बटण त्याच्या बाजूला.

"गोटीराम, डोळे मिट."

"लगीन झाल्यापासून लय लाजाया लागली तू."

"मिट म्हणते ना मेल्या! घट्ट!"

तिचा आवाज ऐकून त्यानं मिटले.

"तसाच खाली बस. टेबलाखाली लाल बटण आहे, चाचपड."

तो चाचपडत राहिला. तिचा दंड भरून आला. कार्डावरचा ठिपका हलत होता; समोरची खुर्ची आता रिकामी होती.

खट्. कार्ड विझलं.

"ताई, उघडू का?" तो टेबलाखालून रडवेला होऊन विचारत होता. "मला दिसंल ना?"

दिसलं. दोन्ही डोळ्यांनी.

साबण लावून स्नेहलनं चुडा उतरवला. एक बांगडी तडकन वाढलीच.

संध्याकाळी दार उघडताच चतुराबाईंची नजर आधी तिच्या मनगटांवर गेली. त्यांनी चौकट धरली. ओठ पांढरे पडले.

"शेखर... शेखर कुठंय?"

"येतायत ना आई, गाडी लावतायत खाली. बरे आहेत."

जिन्यात शेखरची पावलं वाजली तेव्हा कुठं म्हातारीनं श्वास सोडला आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. स्नेहलही शेजारी बसली. गोटीरामच्या डोळ्याचं सगळं सांगितलं.

चतुराबाई तिचे उघडे हात पदराखाली घेऊन म्हणाल्या, "तिथं डब्यात काढून ठेवत जा. पण घरी येताना घालून ये गं बाई. जीव गेला माझा."