निरोपाची विशेषणं

विशेषणाशिवाय जगातलं कुठलंही नाम अपुरं आहे. हे वाक्य मी दरवर्षी नववीच्या वर्गात म्हणतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारतं, "सर, ये कितने नंबर का आता है?" दोन मार्कांचं येतं. एवढं सांगितलं की वर्ग पुढे सरकतो.

इंग्रजी व्याकरणात मॉडिफायर नावाचा मोठा गोतावळा आहे. त्यात विशेषण येतं, क्रियाविशेषण येतं, 'ज्याने अमुक केलं तो' अशा धाटणीचं अख्खं उपवाक्यही येतं. त्यांचं एक काम म्हणजे अनेकांतून नेमका कोणता हे सांगणं. मोडकी खुर्ची कोणती ते आधी सांगितलं, की पाहुणा वाचतो. दुसरं काम नुसतं सजवण्याचं. रायपुरात सत्कार पुष्कळ होतात, त्यामुळे इथे दुसऱ्या कामाला मागणी जास्त.

इथल्या गुढियारी भागात आमच्या शेजारी मूळचे विदर्भातले एक गृहस्थ राहतात. एका सरकारी कचेरीत खिडकीवर बसणारे बाबू. ते निवृत्त व्हायला आले होते. त्यांच्या कचेरीतली प्रथा अशी, की निरोपाचं मानपत्र इंग्रजीत असतं, साहेब ते वाचून दाखवतात, आणि ते लिहून आणायचं ज्याला निरोप द्यायचा त्यानेच. साहेब सारखे बदलत असतात. निवृत्त होणाऱ्याला नीट ओळखणारा शेवटी तो स्वतःच उरतो. यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

मानपत्र लिहून द्यायला त्यांनी मला घरी बोलावलं. चहा झाल्यावर खरी अडचण कळली. समारंभाला नागपूरचे व्याही येणार होते. मुलाच्या लग्नाची बोलणी चालली असताना या व्याह्यांनी स्वतःचं मानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून आमच्या शेजाऱ्यांना त्यांच्यासमोर बसलं की आपण खुजे असल्यासारखं वाटत होतं.

"दमदार शब्द टाका, सर," ते म्हणाले. काही त्यांनी स्वतःच गोळा केले होते: सिन्सिअर, पंक्चुअल, डायनॅमिक, व्हिजनरी.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, तिथेच लाल भाजी निवडत बसल्या होत्या. डायनॅमिक म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. सतत काही ना काही करणारा, उत्साही माणूस, मी सांगितलं.

"हे? पंखा बंद कराले मले उठा लागते, भाऊ."

डायनॅमिक गेलं. व्हिजनरी म्हणजे फार दूरचं पाहणारा, हे ऐकून त्यांनी नुसतं नवऱ्याच्या चष्म्याकडे पाहिलं. तेही गेलं. पंक्चुअलवर वाद झाला. कचेरीत वेळेवर, लग्नकार्यात कधीच नाही, असं निघालं. मानपत्र कचेरीचं असल्यामुळे पंक्चुअल बचावलं. सिन्सिअरबद्दल कोणालाच काही वाटलं नाही, म्हणून ते राहिलं.

"मंग राहिलं काय?" शेजारी म्हणाले. "व्याही काय म्हणतीन?"

वहिनींनी भाजीची टोपली बाजूला सारली. "लिहा, भाऊ. यायनं खिडकीवरच्या माणसाले 'कल आना' कधी म्हटलं नाही. लाइन संपेपर्यंत उठत नव्हते. डबा थंडा होऊन जाये."

"अवो, ते तं कामच होय. कामाची काहून तारीफ?"

मी म्हटलं, व्याकरणाच्या दृष्टीने हेही मॉडिफायरच आहे, आणि पहिल्या प्रकारचं. सिन्सिअर बाबू गल्लोगल्ली सापडतील. हे वाक्य लावलं की बहुधा एकच उरेल. एकटं उरण्याची कल्पना त्यांना फारशी रुचली नाही. शेवटी तडजोड झाली. वर विशेषणं, खाली वहिनींची ओळ.

समारंभात साहेबांनी विशेषणं सवयीने भरभर वाचली. शेवटची ओळ वाचून थांबले. ती मनात पुन्हा वाचली आणि माइक तोंडासमोर आहे हे विसरून विचारलं, "सच में?"

"हव, साहब," आमचे शेजारी म्हणाले, जरा अपराध्यासारखे.

समोर बाकीच्या खिडक्यांवरचे बाबू बसले होते. टाळ्या झाल्या, पण विचार करून झाल्या.

जेवताना मी व्याह्यांच्या जवळच होतो. त्यांनी पुरीचा तुकडा मोडला. मग आमच्या शेजाऱ्यांना म्हणाले, "माह्या मानपत्रात असं काही नव्हतं." आणखी एक पुरी घेऊन म्हणाले, "तुमचं फ्रेम करून घ्या. चांगली भारी."

शेजाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी भारीतली सोनेरी फ्रेम करून घेतली. ती आता बैठकीत टीव्हीच्या वर लागली आहे. तिची नक्षीदार पट्टी चांगली रुंद असल्यामुळे शेवटची ओळ तिच्याखाली गेली आहे. सिन्सिअर आणि पंक्चुअल मात्र दारातूनही वाचता येतात.